बाबा चेष्टा करत नव्हते

अन्याय झाला तो माझ्या बाबांवर. कधी, तर गेल्याच्या गेल्या डिसेंबरात, महिन्याच्या पहिल्या रविवारी, दुपारी, कोलकात्याजवळ बजबजला, बोट क्लबाच्या बैठकीत, चहा यायच्या आधी. केला कोणी, तर त्या खोलीत बसलेल्या सगळ्यांनी. पण त्यातल्या एकाने जास्त केला, आणि तो मराठी होता.

हे मी पत्रकात लिहिते तसं लिहितेय, कारण मला दुसरं येत नाही. बजबजच्या ज्यूट मिलमधल्या कामगारांसाठी मी पत्रकं लिहिते, बंगालीत आणि हिंदीत. मराठीत आजवर लिहिलं नव्हतं. माझी मराठी घरातली, आईच्या रागावण्यातून आणि बाबांच्या गप्पांतून आलेली, तेव्हा कुठे चुकलं तर चुकलं. बाबा माझं प्रत्येक पत्रक वाचायचे आणि एकच दुरुस्ती सांगायचे. "उद्गारचिन्हं काढ. ओरडणाऱ्याचं कोणी ऐकत नाही, तो कधी थांबेल याची वाट बघतात."

मी काढली आहेत.

बाबा अकोल्याचे. सरकारी कंपनीतली नोकरी, बदली होऊन कोलकात्याला आले तेव्हा मी आईच्या कडेवर होते. राहायला सॉल्ट लेकला, कामाला बजबजला. परतीची बदली मिळेल मिळेल करता करता निवृत्तीच आली, आणि तोवर इथे त्यांना एक गोष्ट सापडली होती जी अकोल्यात मिळाली नसती. कंपनीतल्या लोकांनी नदीकाठी चालवलेला एक छोटा क्लब, आणि क्लबाची एक जुनी फायबरग्लासची बोट.

आईला याचं नवल कधी संपलं नाही. "मोर्णा नदीला पाणी नसतं म्हणून तुमच्या गावात पोरं विहिरीत पोहायला शिकतात, आणि तुम्ही निघालात गंगेवर कप्तान व्हायला."

"विहिरीत शिकलेला माणूस सरळ बुडतो," बाबा म्हणायचे. "म्हणून तर बोट लागते."

बोट पांढरी, पोट थोडं सुटलेली, इंजिन खोकणारं. रविवारी सभासदांच्या पोरांना नदीवर फिरवायला आणि थंडीतल्या पिकनिकला तिचा उपयोग. देखभाल कोणालाच नको होती, ती बाबांनी मागून घेतली. दर रविवारी आधी ते एकटे आणि नंतर आम्ही दोघं सियालदाहून बजबज लोकलने जायचो. मी मिलच्या दारात पत्रकं वाटायची, ते बोटीपाशी. दुपारी क्लबाच्या पायरीवर एकच डबा उघडायचा.

त्या वर्षी दुर्गापूजा झाल्यावर बोट पाण्यातून वर काढून उलटी घातली, पत्र्याच्या शेडमध्ये, लाकडी घोड्यांवर, म्हणजे उंच तिवयांवर. बाबांनी तळावरून हात फिरवला आणि मला हाक मारली. "इकडे ये. हात लाव."

मी हात लावला. फोड होते. पोळल्यावर हाताला येतात तसेच, काही मोहरीएवढे, काही रुपयाएवढे, सगळ्या पोटभर. बाबांनी डोळ्यांवर चष्मा चढवला, मला मागे उभं केलं आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने एक फोडला. आतून पातळ पाणी चिळकांडीसारखं उडालं. वास आला तो व्हिनेगरचा. बोटांत धरलं तर तेलकट, चिकट.

"रंगाने धरलंय," मी म्हटलं.

"रंग नाही गं. आतून आलंय." आणि मग त्यांनी मला समजावलं, जसं लहानपणी गणित समजवायचे तसं, दोनदा. फायबरग्लास पाणी अडवतं असं आपण समजतो, पण वर्षानुवर्षं पाण्यात राहिलं की वरच्या चकचकीत थरातून पाणी थोडं थोडं आत झिरपतं. आत कुठे रेझिन, म्हणजे काचेचे धागे धरून ठेवणारा डिंक, नीट मुरलेलं नसतं. तिथे त्या पाण्याचं आंबट द्रव होतं, आणि ते द्रव बाहेरचं आणखी पाणी ओढून घेतं. आत जागा नसते. मग ते वरची कातडी उचलतं.

"उपाय?"

"कातडी काढायची. गोड्या पाण्याने धुवायचं, पुन्हा धुवायचं, आंबटपणा जाईपर्यंत. आणि मग वाळू द्यायचं."

"किती?"

"वाळेपर्यंत."

माझ्यासारखीला हे उत्तर म्हणजे छळ. माझ्या प्रत्येक पत्रकाचा शेवट 'आत्ताच्या आत्ता' असा असतो. पण बाबांचं म्हणणं असं की ओल्यावर इपॉक्सीचा नवा लेप चढवला तर पाणी आतच कोंडलं जातं, आणि पुढच्या वर्षी फोड दुप्पट. कोलकात्याच्या हवेत काही वाळायचं म्हणजे थंडीचे दिवस तेवढे. दिवाळीतल्या कालीपूजेपासून वसंतपंचमीच्या सरस्वतीपूजेपर्यंत. त्याआधी आणि नंतर या शहरात भिंतीसुद्धा घाम गाळतात.

त्यांनी ग्राइंडरने वरचा थर खरवडला. तोंडाला फडकं, अंगात जुना पावसाळी कोट, घरी यायचे ते पीठगिरणीतून आल्यासारखे. आई त्यांना दारातच थांबवायची. काचेची कुसं कपड्यांत शिरून आमच्या सगळ्यांच्याच अंगाला खाज सुटायची आणि आई म्हणायची, "बोटीचे फोड आता माणसांना येणार." मग धुणं. मग एक युक्ती, जी मला अजून आवडते. पारदर्शक प्लास्टिकचा चौकोनी तुकडा घ्यायचा, तळावर ठेवायचा आणि चारही बाजू चिकटपट्टीने बंद करायच्या. ऊन आलं की बघायचं. प्लास्टिकच्या आतून थेंब जमले तर बोट अजून ओली आहे. बाहेरून ती केव्हाच कोरडी ठणठणीत दिसत असते. थेंब तेवढे खरं सांगतात.

दर रविवारी थेंब जमायचे. दर रविवारी थोडे कमी.

आता तो शब्द सांगते, कारण सगळं त्यावर आहे.

आम्ही कोलकात्याला आल्यावर पहिल्याच महिन्यात क्वार्टरमधला नळ गळायला लागला. प्लंबर आला, नळ बघितला, मान डोलावली आणि म्हणाला, "चेष्टा कोरबो, बाबू." बाबा लालबुंद. आईला आत येऊन म्हणाले, "अगं, हा माझी चेष्टा करणार म्हणतोय, आणि तेही तोंडावर." प्लंबर बिचारा म्हणत होता, प्रयत्न करीन. बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. शेजारच्या काकूंनी उलगडून सांगितलं तेव्हा बाबांनी त्या प्लंबरला बसवून चहा दिला. तेव्हापासून तो आमच्या घरचा विनोद. मी अभ्यास करत नसले की आई म्हणायची, "जरा बंगालीतली चेष्टा कर. मराठीतली खूप झाली."

म्हणजे बाबांना तो शब्द माहीत होता. हे लक्षात ठेवा.

बैठक. मी तिथे नव्हते. जे सांगते ते ज्यांनी पाहिलं त्यांच्याकडून, एकाने हसत सांगितलं, एकाने मान खाली घालून. बोट वर काढल्यापासून बरेच आठवडे झाले होते. बडादिनाची, म्हणजे नाताळची, पिकनिक तोंडावर आलेली, सभासदांची पोरं विचारत होती. सेक्रेटरी हे बंगाली गृहस्थ, बाबांना दादा म्हणणारे, एरवी सज्जन. त्यांनी विचारलं, बोट कधी मिळणार. बाबा म्हणाले, सरस्वतीपूजेनंतर. क्लबात ते बंगालीच बोलायचे, वाईट, पण हट्टाने. ज्यांच्या नदीवर बसायचं त्यांची भाषा बोलायची, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी ओलीचं, थेंबांचं, प्लास्टिकचं सांगायचा प्रयत्न केला. थेंबांना बंगालीत काय म्हणतात ते त्यांना आठवेना. कोणीतरी मागून म्हणालं, दादा बोटीला ताप आलाय का, पट्ट्या कशाला लावता. लोक हसले.

सेक्रेटरी वैतागले. म्हणाले, "दादा, आपनि कि आमादेर शोंगे ठाट्टा कोरछेन?" तुम्ही आमची थट्टा करताय का.

ठाट्टा. थट्टा. हा शब्द बाबांना सरळ आतपर्यंत गेला, कारण तो आपलाच आहे. आठवड्यामागून आठवडे हात सोलवटून घेतलेल्या माणसाला विचारलं, थट्टा करताय का. आणि मराठी माणसाच्या तोंडी थट्टेपाठोपाठ काय येतं? चेष्टा. त्यांनी सांगितलं, "ना. आमि चेष्टा कोरि नि. कोखोनो ना."

त्यांनी म्हटलं, मी चेष्टा केली नाही, कधीच नाही.

खोलीने ऐकलं, मी प्रयत्नच केला नाही, कधीच नाही.

बाबांना वाटलं असणार, आपलं म्हणणं पोचलं. एक सभासद बोलला, "शुनलेन तो. निजेइ बोललेन." ऐकलंत ना, स्वतःच म्हणाले. आणि पुढच्या पाच-दहा मिनिटांत बोटीची जबाबदारी काढून घेतली, शेडची किल्ली मागितली. बाबांनी ती खिशातून काढून टेबलावर ठेवली.

त्या रात्री घरी जेवताना त्यांनी आम्हाला सांगितलं. मराठीत. "ते म्हणाले थट्टा करताय. मी म्हटलं, मी चेष्टा केली नाही, कधीच नाही. तर किल्लीच मागितली." मराठीत ते वाक्य धुतल्या तांदळासारखं स्वच्छ होतं. मला काय कळणार. आईने विचारलं, "मग?" बाबा म्हणाले, "मग चहा आला."

पिकनिकच्या आधी क्लबाने कंत्राटदार लावला. त्याने ओल्या तळावर पुट्टी भरली, वर रंग मारला, बोट काचेच्या बशीसारखी चकाकली. मी मिलच्या बाजूने येताना ती पाण्यात उतरताना पाहिली. माळ घातली होती तिला. मी घरी येऊन सांगितलं. बाबा एवढंच म्हणाले, "थेंब बघितले का कोणी?"

नंतरचे महिने मला लिहायला जड जातात. क्लबातले लोक रस्त्यात भेटले तर आधीसारखं थांबायचे नाहीत. बाबांना ते का, हेच कळत नव्हतं. बोट काढून घेतल्याचं दुःख एक वेळ त्यांनी गिळलं असतं. पण लोक असे बघायचे जसं काही यांनी कबुली दिली आहे, आणि कसली कबुली ते त्यांना माहीत नाही. लोकलमध्ये खिडकीशी बसून त्यांनी मला कितीदा विचारलं, "मी असं काय बोललो गं? उद्धट बोललो का?" मी म्हणायची, "तुम्ही अगदी बरोबर बोललात. ते लोकच तसे आहेत." मग त्यांनी रविवारी येणंच बंद केलं. मी एकटी जायची. एक डबा एकटीने खायचा म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

पुढच्या पावसाच्या शेवटी, पूजेच्या आधी, बाबा गेले. हृदयाचं जुनं दुखणं होतं. त्या बैठकीने त्यांना मारलं असं मी लिहिणार नाही, पत्रकात खोटं घालायचं नसतं. पण जाताना त्यांच्या मनात तो प्रश्न होता. हॉस्पिटलमध्ये एकदा अर्धवट झोपेत त्यांनी विचारलं, "पट्टी सुटली का?" मी म्हटलं, "नाही बाबा, घट्ट आहे."

आता त्या मराठी गृहस्थांबद्दल. कंपनीच्या एस्प्लनेडजवळच्या ऑफिसात मोठ्या पदावर होते, निवृत्त, आमच्याच ओळखीतले, क्लबाच्या कमिटीवर. गणपतीत आरतीला सगळ्यात मोठा आवाज त्यांचा. आईला वहिनी म्हणतात, मला बेटा. बाबा गेल्यावर ते भेटायला आले. बसले, पाणी घेतलं, योग्य ते सगळं बोलले. आईने चहा ठेवला. मग वातावरण हलकं करावं म्हणून असेल, म्हणाले, "आणि वहिनी, त्या बैठकीतली गंमत तर तुम्हाला माहीतच असेल."

आई म्हणाली, "कसली गंमत?"

त्यांनी सांगितलं. तो शब्द, तो थट्टेला जोडून आलेला मराठी शब्द, आणि खोलीने लावलेला अर्थ. छान सांगितलं, नक्कल करून. आणि पुढे म्हणाले, "आता बोट वर काढली तर सगळा तळ फोडांनी भरलाय. आणि लोक म्हणतात, दादांनी काही केलंच नव्हतं, स्वतः सांगून गेले. म्हणजे बघा, एका शब्दाने काय होतं."

बाबांचा प्रश्न आमच्या घरात महिनोन्‌महिने उत्तराशिवाय फिरत होता, आणि उत्तर या माणसाच्या खिशात होतं.

आईने अगदी साध्या आवाजात विचारलं, "तुम्ही तिथे होतात?"

"होतो ना. शेजारच्याच खुर्चीत."

"तुम्हाला कळलं होतं? तेव्हाच?"

"कळणारच की वहिनी. मराठी माणूस मी."

"मग?"

ते जरा अवघडले. "आता भर बैठकीत कसं बोलणार. मला वाटलं, नंतर निवांत सांगू कोणालातरी. मग राहिलं. आणि कसं आहे, आपण शेवटी बाहेरचे. त्यांच्यात आपण भाषेवरून बोललेलं बरं दिसत नाही."

आईने त्यांच्यापुढचा कप उचलला. अर्धा भरलेला होता. आत नेऊन मोरीत ओतला आणि बाहेर आलीच नाही. ते चपला घालून गेले. बाबांसाठी आई माझ्यासमोर रडली नव्हती. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात रडली, आणि एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणत होती, "त्यांना मी सांगितलं असतं ना गं. ते हसले असते."

हसले असते. खरंच. तोच घरचा विनोद होता. एवढं सांगायला त्या माणसाला शेजारच्या खुर्चीतून हात वर करायचा होता फक्त.

मी क्लबात गेले. सेक्रेटरींना बंगालीत सगळं सांगितलं, थट्टेपासून प्लंबरपर्यंत. ते आधी हसायला लागले, मग त्यांचं हसू मधेच राहिलं. "दादाने तेव्हाच का नाही सांगितलं?" म्हणाले. मी म्हटलं, काय सांगायचं तेच त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी मला शेडची किल्ली दिली. पण म्हणाले की बोट मोडीत काढायचं ठरत आलंय, सरस्वतीपूजेनंतर सगळ्या सभासदांची बैठक आहे. मी सभासद नाही, मला तिथे बोलता येणार नाही. मुलगी बापाची बाजू घेणारच, असंही लोक म्हणतील. जो त्या दिवशी खोलीत होता आणि ज्याला दोन्ही भाषा येतात, त्याने उठून सांगितलं तर गोष्ट वेगळी.

असा माणूस एकच आहे. मी त्यांच्या घरी गेले. दारातच विचारलं, "काका, बैठकीत सांगाल? एवढं एकच वाक्य?"

ते हसले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चेष्टा कोरबो, बेटा."

मी विचारलं, "कुठल्या भाषेत, काका?"

उत्तर अजून आलेलं नाही.

मी या थंडीत रविवारी बोट खरवडते आहे. कंत्राटदाराचा रंग सालासारखा निघतो, खालची पुट्टी ओल्या खडूसारखी बोटाला लागते, आणि वास तोच, आंबट. बाबांनी केलं तसंच करते. धुते, पुन्हा धुते. काल प्लास्टिकचा तुकडा लावला, चारही बाजूंनी पट्टी ओढली, आणि उन्हात घोड्याला टेकून बसले. दुपारी थेंब जमले. बारीक, पण जमले. बाबा टाळाटाळ करत होते की बोट खरंच ओली होती, हे ज्याला बघायचं असेल त्याने येऊन ते थेंब बघावेत. बोट वाळेल. तिचं मला माहीत आहे, वेळ दिला की ती वाळते. बैठकीच्या आधी वाळली नाही तर तिला भंगारात घालतील, आणि तिच्याबरोबर ते वाक्यही कायमचं बाबांच्या नावावर राहील.

तुम्ही हे मराठीत वाचताय, म्हणजे तुमच्यातल्या कितीतरी जणांना घरची एक आणि बाहेरची एक अशा दोन भाषा येतात. तुम्हीही कुठल्या कमिटीत, सोसायटीत, ऑफिसात त्या शेजारच्या खुर्चीवर बसता. तिथे एखादा माणूस तोडक्या भाषेत काहीतरी बोलेल, खोली भलताच अर्थ लावेल, आणि खरं काय ते फक्त तुम्हाला कळेल. ते नंतर निवांत सांगायला ठेवू नका. त्याच्या बायकोला चहाबरोबर गंमत म्हणून सांगायला तर अजिबात नको. बाहेरचे आहात म्हणून गप्प बसू नका. तिथल्या तिथे हात वर करा आणि त्याला काय म्हणायचं होतं ते सांगा. चहा यायच्या आधी.

आणि काका, तुम्ही वाचत असाल तर, बैठक सरस्वतीपूजेनंतरच्या रविवारी आहे. उठा.